एका पेल्यापुरती जागा

मोटारगाडी घ्यावयास निघालेला मनुष्य नाना गोष्टींची चौकशी करतो. गाडी एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते, रंग कोणता मिळेल, सुटे भाग सहज उपलब्ध होतील का, मासिक हप्ता किती बसेल, असे त्याचे प्रश्न असतात. बँकेतील कर्ज अधिकारीही किंमत, उत्पन्न, हमीदार, विमा हे सारे काटेकोरपणे तपासतात. परंतु हातातला चहा-कॉफीचा पेला या गाडीत ठेवायचा कोठे, हा प्रश्न मी तरी कोणी विचारलेला ऐकलेला नाही. २००३ साली आमची मारुती ८०० कर्जाऊ घेतली तेव्हा मीही तो विचारला नव्हता. पाच वर्षांनी कर्ज फिटले, नोंदणीपत्रावरील तारणाची नोंद उतरली, गाडी सर्वार्थाने आमची झाली. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण झाले, पुढे पुन्हा पाच वर्षांनी झाले. आणि एवढा काळ लोटल्यानंतर, एका जानेवारीच्या सकाळी, तो न विचारलेला प्रश्न आमच्यापुढे उभा ठाकला.

आम्ही बंगळूरच्या कोरमंगला भागात राहतो. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी येथे खेळाडूंची वसाहत व बंदिस्त क्रीडागृह उभे राहिले, त्या सुमारास ही शहराच्या कडेची शांत वस्ती होती. नंतर माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, २००४ साली होसूर रस्त्यावर भव्य मॉल झाला आणि ऐंशी फुटी व शंभर फुटी हे रस्ते नावापुरतेच रुंद राहिले. एजीपुरा ते केंद्रीय सदन या उड्डाणपुलाचे काम २०१७ साली सुरू होऊन वर्षानुवर्षे रखडले, त्या काळात तर अर्धवट खांबांच्या सावलीत सिग्नलमागून सिग्नल मोजणे हाच आमच्या दिनक्रमाचा भाग झाला होता. दोन-अडीच किलोमीटरच्या अंतराला अर्धा-पाऊण तास लागावा, यात येथे कोणालाच नवल वाटत नाही.

माझी आई एक्याऐंशी वर्षांची. मूळची बेळगावची, त्यामुळे कन्नड तिला मराठीइतकेच जवळचे, आणि कॉफी चहापेक्षा अंमळ अधिक जवळची. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला रोज सकाळी व्यायामोपचारांसाठी न्यावे लागू लागले. परतीच्या वाटेवर एका दर्शिनीत कॉफी घेण्याचा तिचा परिपाठ होता. दर्शिनी म्हणजे उभ्याने खाण्याची बंगळूरची उपाहारगृहे. पण आता तिला उभे राहवत नसे आणि गाडीतून वारंवार उतरणे-चढणे डॉक्टरांनी वर्ज्य केले होते. म्हणून मी कागदी पेल्यातून कॉफी गाडीत आणून देऊ लागले. पहिल्या दिवशीच तिने विचारले, “अगं, हे ठेवू कुठं?” मी म्हटले, “हातातच धर गं, पाच मिनिटांचा तर प्रश्न.” तिने काही दिवस हातात धरला. मग बोटांना चटका बसू लागला, तसा तो दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरायची सवय लागली.

त्या सकाळी सोनी वर्ल्डच्या चौकात एक दुचाकी डावीकडून आडवी आली. मी ब्रेक दाबला. आईच्या मांडीवर कॉफी सांडली, ती किंचाळली, आणि त्याच क्षणी माझ्या आसनाखाली ठेवलेली पाण्याची स्टीलची बाटली घरंगळत पुढे येऊन ब्रेकच्या पायट्याखाली अडकली. समोरची रिक्षा थांबली होती. मी पुन्हा ब्रेक दाबला तर पायटा अर्ध्यावरच अडला. हँडब्रेक ओढला आणि गाडी रिक्षाच्या मागच्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर थांबली. रिक्षावाल्याला काय घडता घडता राहिले याचा पत्ताही नव्हता.

आईच्या जाड सुती साडीच्या निऱ्यांनी बहुतेक कॉफी शोषली आणि ती साडी आम्ही तत्काळ अंगापासून दूर केली, म्हणून रुपयाएवढ्या दोन फोडांवर निभावले. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साध्या थंड पाण्याची धार धरावी, बर्फ, शाई, हळद किंवा दात घासण्याची पेस्ट लावू नये, हे मला ठाऊक होते. पण निम्म्या शेजारणी पेस्टची नळी घेऊनच धावल्या, म्हणून येथे मुद्दाम नमूद करते.

अल्बुकर्कची आजी

गरम पेल्याची अशीच एक हकीकत जगभर गाजलेली आहे आणि बहुतेकांना ती अर्धवटच माहीत असते. अमेरिकेतील एका बाईने अंगावर कॉफी सांडून घेतली आणि कंपनीकडून लक्षावधी डॉलर उकळले, अशा विनोदी स्वरूपात ती सांगितली जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. २७ फेब्रुवारी १९९२ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क शहरी एकोणऐंशी वर्षांच्या स्टेला लीबेक आपल्या नातवाच्या गाडीत शेजारच्या आसनावर बसल्या होत्या. मॅकडोनाल्ड्सच्या खिडकीतून ४९ सेंटची कॉफी घेतली. दूध-साखर घालता यावी म्हणून नातवाने गाडी थांबवली. गाडी फोर्ड प्रोब, तिच्यात पेला ठेवण्यास जागा नव्हती. आजींनी पेला गुडघ्यांत धरला, झाकण स्वतःकडे ओढले, आणि सारी कॉफी मांडीवर सांडली. अंगातल्या सुती विजारीने ती धरून ठेवली. आठ दिवस रुग्णालयात राहावे लागले, त्वचारोपण करावे लागले.

त्यांची मूळ मागणी वीस हजार डॉलरची होती, कंपनीने आठशे देऊ केले. १९९४ च्या खटल्यात कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला दिली जाते आणि त्या तापमानाला काही सेकंदांतच त्वचेचे सर्व थर भाजू शकतात, हे पुढे आले. भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आधीच्या दशकात आल्या होत्या, हेही उघड झाले. ज्यूरीने आजींवरही वीस टक्के दोष ठेवला, दंडाची मोठी रक्कम न्यायाधीशांनी पुष्कळ कमी केली, आणि शेवटी प्रकरण आपसांत मिटले. खटल्यात युक्तिवाद झाला तो कॉफीच्या तापमानावर, आणि ते योग्यच होते. परंतु मला त्यात दिसते ते निराळेच. एक वृद्ध स्त्री, डावे-उजवे सोडल्यास अगदी आमच्या आईचेच आसन, आणि पेला ठेवण्यास जागा नसल्याने जवळ केलेले दोन गुडघे. आपल्याकडे उकळते दूध आणि वाफाळता काढा एकत्र करून दिलेली फिल्टर कॉफी काही त्याहून थंड असते असे नाही.

मोटारगाडीत पेल्यासाठी जागा असावी ही कल्पना तशी जुनी. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअम या महागड्या गाडीच्या हातमोजे ठेवण्याच्या कप्प्यात लोहचुंबकाने चिकटून राहणारे धातूचे पेले होते. अर्थात, गाडी चालू असताना ते कितपत उपयोगी पडत असतील हा प्रश्नच आहे. पेल्यासाठी खोलगट जागा गाडीच्या मूळ रचनेतच देण्याचा प्रघात रूढ झाला तो क्रायस्लर कंपनीच्या मिनीव्हॅनपासून, असे सामान्यतः मानले जाते. ती मिनीव्हॅन नोव्हेंबर १९८३ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. पुढच्याच महिन्यात, १४ डिसेंबर १९८३ रोजी, दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला देण्यात आली. आणि बंगळूरच्या जयनगरात दर्शिनी पद्धतीचे उपाहारगृह सुरू झाले तेही १९८३ च्याच सुमारास. हे तीन धागे एकाच वर्षात यावेत हा निव्वळ योगायोग. पण आमची अडचण समजावून घेण्यास तो फार उपयोगी आहे.

कारण अमेरिकेत माणूस गाडीत बसूनच खाऊ-पिऊ लागला होता, म्हणून तेथल्या गाडीला खोबणी हवी होती. आपल्याकडे गाडी थांबवून, उतरून, चार घोट निवांत घेऊन पुढे निघण्याची रीत. दर्शिनीत तर स्टीलचा काठाचा लोटा आणि खाली वाटी, उभ्याने दोन मिनिटांत कॉफी संपवायची आणि लोटा परत द्यायचा. दोघांत एक घ्यायची असेल तर ‘बाय-टू’ म्हणायचे, म्हणजे एकीचे दोन अर्धे. मारुती ८०० ही लांबीने सुमारे ३.३ मीटर आणि रुंदीने जेमतेम १.४ मीटर, दोन आसनांमध्ये हँडब्रेकपुरतीच जागा. तिच्या मूळ आराखड्यात पेल्याचा विचार नव्हता यात नवल नाही. लांबच्या प्रवासाला आमच्या घरी फिरकीचा तांब्या असे. आट्यांचे घट्ट झाकण, बुडाला बैठक आणि सांडण्याची भीती नाही. त्या पितळी तांब्याला कोणत्याही खोबणीची गरज नव्हती. खोबणीची गरज निर्माण केली ती पातळ कागदी पेल्याने आणि न हलणाऱ्या रहदारीने.

तीन फसलेले प्रयोग

फोड बरे होताच मी जे. सी. रोड गाठला. मोटारींचे सुटे भाग व शोभेच्या वस्तू यांची ही बंगळूरची जुनी पेठ. दुकानदार म्हणाला, “अम्मा, गाडी जुनी असली तरी कपहोल्डर नवा मिळेल,” आणि त्याने तीन नमुने समोर मांडले. मी तिन्ही घेतले. किंमत किरकोळ होती, पण मोह कधीकधी असा स्वस्तातच होतो.

पहिला खिडकीच्या काचेच्या फटीत आकड्याने अडकवायचा. आमच्या गाडीच्या काचा हाताने मूठ फिरवून वरखाली करायच्या. पेला अडकवला की मूठ फिरेना, आणि दार जरा जोरात लावले की कॉफी दारावर. दुसरा वातानुकूलनाच्या झरोक्यात खोचायचा. तो दिसायला सर्वांत सुबक, पण झरोक्याच्या पात्या वारा वळवण्यासाठी केलेल्या, वजन पेलण्यासाठी नव्हे. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो भार. शिवाय प्रत्येक खड्ड्यात तो भार हिसक्याने वाढतो. आठवड्यात एक पाती तुटली. कॉफीही गार वाऱ्याच्या झोतात निवून जाई, ती तक्रार आईची. तिसरा दुहेरी चिकटपट्टीने डॅशबोर्डवर बसवायचा. मार्चच्या उन्हात बंद गाडीत पट्टी सैल झाली आणि धारक आपणहून खाली आला. सुदैवाने तेव्हा तो रिकामा होता. ज्यांच्या गाड्यांना हवेच्या सुरक्षा-पिशव्या आहेत, त्यांनी तर डॅशबोर्डवर काहीही चिकटवताना पिशवी उघडण्याची जागा मोकळी सोडलीच पाहिजे. नव्या मोटारींत चालकासाठी ही पिशवी २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठी २०२१ पासून सक्तीची झाली आहे. पिशवी फुगताना तिच्यासमोर आलेली वस्तू थेट माणसाच्या तोंडाकडे फेकली जाते.

यावरून एक हिशेब मनाशी करून पाहिला. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. त्या वेगातील गाडी एकदम थांबली तर मोकळी बाटली त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते, आणि तो वेग सुमारे ५ मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ दुसऱ्या मजल्यावरून, पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो. तेव्हा पेल्याची जागा शोधताना तो कोठे शोभून दिसेल हा विचार मागे पडला. तो निसटला तर कोठे जाईल, हे आधी पाहायचे ठरले.

सुताराचे खोके

अखेर घराजवळच्या सुताराला बोलावले. त्याला नेमके काय हवे ते सांगण्यापूर्वी मी घरातील भांडी मापून घेतली. लोटा, कागदी पेला, आईचा थर्मास आणि ती अपराधी बाटली. पेले वर रुंद व खाली निमुळते असतात, त्यामुळे नुसत्या बुडाच्या मापाचे भोक उपयोगाचे नाही. भांड्याला निम्म्या उंचीच्या वर आधार मिळाला पाहिजे, नाहीतर भरलेले भांडे वळणावर कलंडते. या एका गोष्टीकडे बाजारातील स्वस्त धारकांनी पूर्ण दुर्लक्ष केलेले आढळले. त्यांचे कडे फार खाली असते.

बारा मिलिमीटर जाडीच्या उरलेल्या प्लायवुडचे एक अरुंद खोके केले. त्याची उंची आसनाच्या गादीबरोबर ठेवली, म्हणजे आईला कमरेतून वाकावे लागू नये. जागा हँडब्रेकच्या मागे, दोन आसनांच्या पाठींमधली. मागच्या बाजूला मधोमध बसणाऱ्याचे पाय अडतात हे खरे, पण आम्ही दोघीच असतो. वरच्या फळीला दोन भोके पाडली, आईच्या बाजूचे सात सेंटिमीटरचे आणि त्यामागे बाटलीसाठी साडेआठचे. हँडब्रेक ओढताना माझे कोपर गरम पेल्याला लागू नये, म्हणून ही मागे-पुढे योजना. भोकांच्या कडांना रबराची पट्टी लावली, तिच्यामुळे पेला खडखडत नाही. तळाशी सुटी रबरी चटई ठेवली, ती रोज धुता येते. गोड कॉफीचा एक थेंब राहिला तरी दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते, हे ज्ञान अनुभवातून आले.

खोके बसवण्याच्या वेळी मात्र सुताराशी थोडा वाद झाला. त्याचे म्हणणे, फरशीत दोन स्क्रू मारले की काम झाले. मी ठाम नकार दिला. गाडीच्या फरशीखालून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जातात, आणि वरून न दिसणारी वस्तू भोक पाडणाऱ्यालाही दिसत नाही. आसनपट्ट्याच्या बोल्टखाली पत्रा अडकवण्याची त्याची दुसरी सूचनाही मी मानली नाही. तो बोल्ट अपघातात माणसाचा भार पेलण्यासाठी आहे. खोक्यासाठी तो सैल करणे म्हणजे जीव टांगणीला लावणे. शेवटी खोक्याच्या तळाला वेल्क्रोच्या रुंद पट्ट्या आणि दोन्ही बाजूंनी आसनांच्या लोखंडी पायांना बांधलेले पट्टे असा मार्ग निघाला. मग दोन्ही आसने पुढे-मागे पूर्ण सरकवून पाहिली, हँडब्रेक दहा वेळा ओढला-सोडला, आसनपट्ट्यांची कुलपे सहज लागतात ना हे तपासले, आणि पाण्याने भरलेला लोटा ठेवून कॉलनीच्या मोकळ्या रस्त्यावर दोनदा जोराने ब्रेक मारला. थोडे पाणी हिंदकळले, लोटा जागचा हलला नाही. लोटा काठोकाठ न भरता तीन-चतुर्थांश भरावा, एवढे मात्र त्यातून शिकलो.

खर्चाची चौकशी काही वाचक करतीलच. मजुरी, रबर, पट्टे आणि वेल्क्रो मिळून साडेसहाशे रुपये झाले. फसलेल्या तीन नमुन्यांचे पैसे यात धरलेले नाहीत. ते वेगळ्या खात्यावर. एका शेजाऱ्याने काळजी व्यक्त केली, की गाडीत असा बदल कायद्याला चालतो काय. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा रोख नोंदणीपत्रातील तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलापासून वेगळा ठरेल अशा बदलांवर आहे. इंजिन, सांगाडा, आसनसंख्या यांना हात न लावता पट्ट्याने बांधलेले आणि केव्हाही काढता येणारे खोके त्यात बसत नाही. मोठी, महाग किंवा विजेवर चालणारी उपकरणे बसवली असतील तर मात्र विमापत्रात त्यांची स्वतंत्र नोंद करून घ्यावी, अन्यथा नुकसान झाल्यास त्यांची भरपाई मागताना अडचण येते. नव्या गाडीत तारा कापून काही जोडले तर हमीही धोक्यात येऊ शकते.

गाडी चालवताना मी स्वतः काही पीत नाही. बाटली माझ्यासाठी आहे, पण ती सिग्नललाही नव्हे, गाडी कडेला लावल्यावर. आईचा मात्र परिपाठ पूर्ववत सुरू झाला, आणि त्यात एक सुधारणा झाली. दर्शिनीतल्या मुलाने खोके पाहिले आणि कागदी पेल्याऐवजी स्टीलचा लोटाच आणून त्यात ठेवू लागला. गाडी तेथेच उभी असल्याने लोटा परत नेणेही त्याला सोपे जाते. पहिल्या दिवशी त्याने बाटलीच्या मोठ्या भोकाकडे बोट दाखवून आईला कन्नडमध्ये काहीतरी विचारले. आई हसली. तिने मला बाटली उचलायला सांगितली, आणि त्या मुलाला म्हणाली, “बाय-टू.”